फळ्याचा उजवा कोपरा

या अंकाची संपादिका माझी विद्यार्थिनी आहे. तिचा फोन आला, "बाई, इतकी वर्षं शाळेत काढलीत, काही गमतीजमती लिहा ना." गमती मोजून दोन आहेत, त्या आधी सांगून टाकते. तिसरी गोष्ट गमतीची नाही. पण ती लिहायची होती म्हणूनच मी हो म्हटलं.

माझं काम काय होतं ते मात्र आधी सांगायला हवं, कारण माझ्या घरच्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका होते. पर्यवेक्षिका म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालची आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावरची खुर्ची. वेळापत्रक लावायचं, कोणी रजेवर गेलं की बदली तास द्यायचे, स्टाफरूममधली भांडणं मिटवायची, हे सगळेच पर्यवेक्षक करतात. माझ्याकडे आणखी एक काम होतं. आमच्या संस्थेच्या ठाणे, कळवा आणि डोंबिवली अशा तीन शाळा. अनुदानाच्या जागांवर सरकार शिक्षक पाठवतं, पण वाढीव तुकड्यांना अनुदान नसतं, तिथले शिक्षक संस्थेनेच शोधायचे. या तिन्ही शाळांच्या वाढीव तुकड्यांसाठी गणित आणि विज्ञानाचे शिक्षक मी शोधत असे, आणि सापडलेच तर त्यांना तयार करत असे.

जाहिरात दिली की मराठी आणि इतिहासाच्या जागेसाठी अर्जांचा गठ्ठा येतो. गणिताला आले तर चार. त्यातला एक इंजिनियर असतो, त्याला कंपनीचं बोलावणं येईपर्यंत कुठेतरी बसायचं असतं. एकीचं लग्न ठरलेलं असतं आणि सासर नाशिकला असतं. एकाने अर्ज का केला ते त्यालाही आठवत नसतं. उरलेला चौथा मुलाखतीला येतो तोच आमच्या गल्लीतल्या कोचिंग क्लासची पाटी वाचत. मुलाखतीत तो क्लास कसा आहे असं मलाच विचारणाराही एक भेटलेला आहे.

पदवीवर माझा फारसा विश्वास नव्हता. गणित येणं आणि गणित शिकवता येणं यांची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही. म्हणून आम्ही नमुना पाठ घ्यायला लावायचो. उमेदवाराने खऱ्या वर्गावर पस्तीस मिनिटांचा एक तास घ्यायचा आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसायचं. त्यात माझी एक लबाडी असे. वर्गातल्या एखाद्या मुलीला मी आधी गाठून सांगून ठेवायची, की मधेच हात वर कर आणि हे अमुक चुकीचं उत्तर दे. मग मी उमेदवाराकडे बघत बसायची. चुकीचं उत्तर आलं की बहुतेक जण "चूक, बस खाली" म्हणतात. जरा बरे असतात ते "दुसरं कोण सांगेल?" असं विचारतात. फार थोडे जण त्याच मुलीला विचारतात, "कसं काढलंस?" असा एखादा भेटला की त्या दिवशी मी घरी जाऊन गोड काहीतरी करायची.

आता गमती. पहिली सबनीस सरांची. हे एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. एक दिवस स्वतःहून आले आणि म्हणाले, "मला पगार नको, प्रयोगशाळा द्या." आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या बाटल्यांवरची लेबलं झुरळांनी खाल्ली होती. सरांनी पंधरा दिवसांत एकेक बाटली ओळखून नवी लेबलं लावली आणि मग नववीला आम्ल-आम्लारी शिकवायला घेतलं. लिटमस कागदाच्या पट्ट्या त्यांनी मुलांना वाटून टाकल्या आणि सांगितलं, "पुस्तकातलं करू नका, शाळेतलं करा." मधल्या सुट्टीत मुलांनी पाण्याची टाकी, फिनेलची बादली आणि मुख्याध्यापकांच्या डब्यातलं ताक तपासलं. ताक आम्ल निघालं याचा मुख्याध्यापकांना का राग आला, हे मला अजून कळलेलं नाही. सबनीस सरांना घंटा झाली की थांबायचं असतं, हे मात्र शेवटपर्यंत शिकवता आलं नाही. दोन वर्षांनी ते मुलाकडे बंगळूरला गेले. जाताना आमच्या तीन विज्ञान शिक्षकांना त्यांनी न घाबरता बाटली उघडायला शिकवलं होतं, तेवढं पुष्कळ झालं.

दुसरी गंमत वैद्य बाईंची. विद्यापीठाचं सुवर्णपदक, अक्षर मोत्यासारखं. पण तासाच्या पस्तीस मिनिटांपैकी चौतीस त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या. मुलांना त्यांची वेणी पाठ झाली होती. समजावून झालं, लिहून देऊन झालं. शेवटी मी त्यांचा खडू काढून घेतला. म्हटलं, "आठवडाभर खडूला हात लावायचा नाही. लिहायचं असेल ते मुलांकडून लिहवून घ्या." पहिल्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये येऊन रडल्या. चौथ्या दिवशी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "बाई, त्या निखिलला समीकरणातलं बरोबरचं चिन्हच कळलेलं नाहीये. मला वाटायचं तो आळशी आहे." आज त्या आमच्या ठाण्याच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत. खडूबंदी मी नंतर इतरांवरही चालवली. सगळ्यांना ती लागू पडली नाही.

इथे थांबले असते तर लेख छान झाला असता आणि मीही त्यात शहाणी दिसले असते.

रेश्मा भोईर नमुना पाठाला आली ती एप्रिल महिन्यात, स्कूटी घेऊन, शेजारच्या कोपर गावाहून. वय सव्वीस, बी.एस्सी., बी.एड. भोईर मंडळी तिथली मूळची. आजोबांचं खाडीकाठी मिठागर होतं, वडिलांची आता इमारत आहे आणि भाडी येतात. तिला नोकरीची गरज नव्हती, हे अर्जावरच्या पत्त्यावरूनच कळत होतं. आमच्या सचिवांनी तो पत्ता वाचून मला हळूच म्हटलंसुद्धा, "हौस म्हणून आलीये. महिनाभर टिकेल." सचिव म्हणजे संस्थेचा कारभार बघणारे गृहस्थ. मनाने वाईट नाहीत, पण शाळेत काही आवाज झाला की त्यांचा रक्तदाब वाढतो.

सातवीचा वर्ग होता, पायथागोरसचा सिद्धांत. काटकोन त्रिकोणाच्या बाजू तीन आणि चार, तर कर्ण किती? तन्वी नावाच्या चुणचुणीत मुलीला मी आधीच पढवलं होतं. तिने हात वर केला आणि सांगितलं, "सात."

रेश्मा चूक म्हणाली नाही की बरोबर म्हणाली नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तिने एक चौकट काढली, आत सात लिहिलं आणि वर्गाला म्हणाली, "हे इकडे राहू दे. हे चूक का आहे, ते ज्याला कळेल त्याने हात वर करायचा. बरोबर उत्तर नकोय मला. चूक का, ते सांगायचं." आणि ती पुढे गेली. माझ्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी कागदावर फुली मारली. फळ्यावर चूक तशीच ठेवून पुढे जाणं म्हणजे आमच्या धंद्यात चुलीवर दूध ठेवून बाहेर जाण्यासारखं.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "टीचर, तीन आणि चार मिळून पण सातच होतात. मग तिरकं गेलं काय आणि वळसा घालून गेलं काय, सेमच ना? मग आपण ग्राउंडमधून तिरके कशाला पळतो?" वर्ग हसला. रेश्माने डस्टर त्याच्या हातात दिलं. "तू सांगितलंस, तूच पुस." तो मुलगा शाळेत पहिल्यांदाच फळ्यापाशी मानाने आला असावा. त्याने सात असा पुसला की कोपरा लख्ख झाला.

नंतर मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, "आणि कोणीच सांगितलं नसतं तर?"

"राहिलं असतं सर. उद्या कोणीतरी सांगितलं असतं."

"उद्या तुम्ही नसता इथे."

"मुलं असती ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, एक विचारू? ती पहिल्या बाकावरची मुलगी चुकली नव्हती ना? तिला चुकायला सांगितलेलं. खरं चुकणारी पोरं आधी बाजूच्याच्या वहीत बघतात."

इतक्या वर्षांत माझी लबाडी पकडणारी ती पहिली. मुख्याध्यापकांची फुली मी त्याच दुपारी रद्द करून घेतली. तिची नेमणूक वर्षभरासाठी झाली. वर्षाच्या शेवटी अहवाल मी लिहायचा आणि तो चांगला असेल तरच तिने पुढे राहायचं, असं ठरलं.

जूनमध्ये तीच मुलं आठवीत आली आणि आठवी ब चं गणित-विज्ञान रेश्माकडे गेलं. आमच्याकडे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर लिहायची पद्धत आहे. आठवी ब मध्ये उजव्या कोपऱ्यात चौकट आली. रोज एक चूक. ती कुणाची, ते कधी सांगायचं नाही. का चूक ते कळेपर्यंत पुसायची नाही, आणि ज्याने सांगितलं त्याच्याच हातात डस्टर. काही चुका तासाभरात जायच्या, काही तीन-तीन दिवस राहायच्या. दुसरे शिक्षक तास घ्यायला आले तर मुलं ओरडायची, "सर, कोपरा सोडून पुसा!" मधल्या सुट्टीत आठवी अ ची मुलं खिडकीतून चौकट बघायला येत. तन्वीने तर एकदा माझ्याकडे तक्रार केली की भोईर टीचर तिच्या चुका कधीच घेत नाहीत.

मी शेवटच्या बाकावर बसून हे बघत होते. मला ते आवडत होतं, हे मी लॉगबुकात लिहिलं नाही. लॉगबुक म्हणजे निरीक्षणाची वही. पर्यवेक्षकाने तास बघून त्यात शेरा लिहायचा आणि शिक्षकाने खाली "वाचले" असं लिहून सही करायची. तो शेरा मग त्या शिक्षकावर बंधनकारक असतो. नवीन मुख्याध्यापक आला, तपासणीला अधिकारी आले, की आधी तीच पानं उघडतात. मी पहिल्या सत्रात लिहिलं, "विषयज्ञान चांगले. फलकलेखन सुधारावे." असं काहीही न सांगणारं लिहिण्याची सवय लागते.

ऑक्टोबरात पालकसभा झाली. सभा आठवी ब च्याच वर्गात होती. कोपऱ्यात दोन दिवसांची चौकट होती: एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. आठवीत आलेल्या मुलांचीसुद्धा ही चूक सुटत नाही. एका वडिलांनी फोनवर त्याचा फोटो काढला, भोवतीची चौकट कापली आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ही आपल्या शाळेची गणिताची पातळी." संध्याकाळपर्यंत तो फोटो ठाणे आणि कळव्याच्या ग्रुपवरूनही फिरून आला.

सचिवांचा फोन आला. "बाई, हे काय चाललंय? पुढच्या वर्षी प्रवेश कोण घेणार? त्या मुलीला काढून टाकू या का?"

"काढायची गरज नाही," मी म्हटलं. "मी बघते."

माझ्या निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते.

पालकांची बैठक घेऊन ती चौकट काय आहे, ते मी समजावून सांगू शकले असते. मला अर्धा तास लागला असता. त्याऐवजी मी लॉगबुक उघडलं आणि लिहिलं, "चुकीचे उत्तर फळ्यावर ठेवू नये. विद्यार्थ्यांच्या मनावर चुकीचा संस्कार होतो. तास संपताच फळा पूर्ण स्वच्छ करावा." रेश्माला बोलावून वही पुढे केली. तिने वाचलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच असं वाटतं?"

मी म्हटलं, "अगं, तुझी नोकरी वाचवतेय मी."

तिने "वाचले" लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी आठवी ब मध्ये जाऊन बसले. सूचना पाळली जातेय का, ते बघणं माझं कामच होतं. फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळा होता. तन्वी दप्तर ठेवायच्या आधीच फळ्यापाशी आली.

"टीचर, मला कळलं! अर्ध्यात अजून मिळवलं तर अर्ध्याहून जास्तच येणार ना? दोन छेद पाच तर अर्ध्याहून कमी..." कोपरा रिकामा आहे हे तिला आता दिसलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," रेश्मा म्हणाली.

"मग पुसलं का?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "बस जागेवर. पान चौऱ्याहत्तर काढा."

मी शेवटच्या बाकावर होते, एका वाक्यात उत्तर देऊ शकले असते. मी लॉगबुकात लिहिलं, "सूचनेची अंमलबजावणी झाली."

पुढचे महिने तिने व्यवस्थित शिकवलं. सगळे शिकवतात तसं. पाठांची टाचणं वेळेवर, फळा स्वच्छ, निकाल उत्तम. एप्रिलमध्ये मी अहवालात "समाधानकारक" लिहिलं, संस्थेने तिला पुढे चालू ठेवायचं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाई, नोकरी वाचवलीत तुम्ही. पण नोकरी नको असं तर घरचे पण बोलत होते. मी त्या कोपऱ्यासाठी आलेली."

महिन्याभराने मीही निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. नवीन शिक्षकांना घडवणाऱ्या बाई म्हणून माझा उल्लेख झाला, तेव्हा मी खाली बघत होते. तन्वीने पुढे कॉमर्स घेतलं असं ऐकलं. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण ऐकलं तेव्हा वाईट वाटलं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आठवी ब ने गणिताचे तीन शिक्षक पाहिले. एक इंजिनियर होता, त्याला बोलावणं आलं. दुसऱ्याला गल्लीतल्या क्लासने नेलं. तिसरी नाशिकला गेली. यंदा मे महिन्यात सचिवांचा फोन आला, आवाज अगदी नरम. "लिमये बाई, त्या भोईर मॅडम येतील का हो परत? तुमचं ऐकतील." ज्यांनी तिला काढून टाकू या का म्हणून विचारलं होतं, तेच हे सचिव. पण त्यांना हसायला मला तोंड नव्हतं.

मी कोपरला तिच्या घरी गेले. दारात तिचे वडील भेटले. त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाले, "बाई, पोर परत शालंत गेली तं आमाला आनंदच हाय. पन तिलाच इचारा. शाला सोरून आली तवा म्हैनाभर कोनाशी धर बोल्ली नाय."

रेश्मा खालच्या मजल्यावरच्या खोलीत आसपासच्या दहाबारा मुलांना शिकवत होती. मधे वर्षभर ती एका मोठ्या क्लासमध्ये शिकवून आली होती. "तिकडे स्क्रीन होता बाई. चूक ठेवायची कुठे? स्लाइड पुढे सरकते." खोलीत भिंतीवर एक छोटा फळा होता. उजव्या कोपऱ्यात चौकट होती, आत एक चूक होती. मी ती बघतेय हे तिने बघितलं.

मी कशासाठी आले ते सांगितलं. तिने मुलांच्या वह्या एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "आठवी ब च ना? यायला आवडेल मला. पण लॉगबुकात तुमचा शेरा अजून तसाच आहे. त्याच्याखाली माझी सही आहे. उद्या कोणीही येऊन बसेल, मागचं पान उघडेल आणि बोलेल, तुम्हाला सांगितलेलं ना मॅडम? मग मी काय सांगू?"

"मी मुख्याध्यापकांशी बोलते."

"बोलू नका बाई. लिहा."

लॉगबुकातलं खोडता येत नाही, आणि मी आता शाळेत कोणी नाही. तरी मी आताच्या मुख्याध्यापकांकडे गेले. ते एके काळी माझ्याच हाताखाली नवे शिक्षक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटाची किल्लीच माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही काय लिहाल त्याच्याखाली मी सही करतो," म्हणाले. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी रेश्माला बोलावलं. आम्ही दोघी आठवी ब च्या रिकाम्या वर्गात गेलो. मी सवयीने शेवटच्या बाकावर बसले आणि ते पान उघडलं.

माझ्या शेऱ्याभोवती मी पट्टीने चौकट काढली. खाली लिहिलं, "चूक. विद्यार्थ्यांची चूक कारण कळेपर्यंत फळ्यावर ठेवणे ही योग्य अध्यापनपद्धती आहे." वही तिच्याकडे सरकवली. मला वाटलं, झालं.

रेश्माने वाचलं. म्हणाली, "बाई, हे बरोबर काय ते झालं. चूक का, ते कुठे लिहिलंय?"

मला राग आला. मी तिच्याहून तीसेक वर्षांनी मोठी, भर उन्हात तिच्या घरी जाऊन आलेली, आणि ही मला आठवीच्या मुलांसारखी बसवून ठेवतेय. मग राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते सांगते. लाज आली. मी पेन पुन्हा उचललं. सचिवांचं नाव लिहावंसं वाटलं, त्या फोटो काढणाऱ्या वडिलांचं लिहावंसं वाटलं. तिची नोकरी वाचवायची होती, हेही लिहून बघावंसं वाटलं. ती समोरच्या बाकावर वाट बघत बसली होती. तिने मला मदत केली नाही.

शेवटी मी लिहिलं, "कारण: ही सूचना मुलांसाठी लिहिलेली नव्हती. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि मला कटकट नको होती." खाली सही केली, तारीख घातली.

तिने दोन्ही ओळी वाचल्या. पेन घेतलं, "वाचले" लिहिलं, सही केली. मग उठली, टेबलावरचं डस्टर आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"अगं, शाई आहे ही," मी म्हटलं. "पुसली कशी जाईल?"

"माहितीये बाई. हातात तरी धरा."

मी ते धरून बसले. जुनं लाकडी डस्टर, खालचं कापड खडूने पांढरं झालेलं. बाहेर मैदानात कोणीतरी सोमवारच्या प्रार्थनेसाठी फक्कीच्या रेघा आखत होतं. थोड्या वेळाने मी उठले, फळ्यापाशी गेले आणि डस्टर टेबलावर जागच्या जागी ठेवलं. सोमवारी ते मुलांना लागणार होतं.